डावीकडं

भडंगाचा एक दाणा
सकाळपासून हनुवटीवर बसून होता म्हणे.
अडतीत दोन सौदे झाले,
अकरा पोत्यांची पट्टी मी लिहिली,
बँकेत जाऊन आले,
कॅशियरनं मान खाली घालून हसू गिळलं,
आणि शेवटी इराप्पा तोलारानं
काट्यावरची नजर न हलवता
स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं.
मी उजवीकडं पुसलं.
"डावीकडं ओ, मॅडम."

मार्चमध्ये मिरजेला जबडा कापला.
खालचा. सहा मिलिमीटर मागं घेतला,
दोन्ही बाजूंना चार-चार स्क्रू.
तोवर माझे पुढचे दात
एकमेकांना कधी भेटलेच नव्हते.
पेरू खायचा तर सुरी,
दोरा तोडायचा तर कात्री,
आणि शाळेत नाव 'पुढारी'.
आता दोरा तुटतो.
पहिल्या दिवशी मी उगीचच
हातभर दोऱ्याचे तुकडे केले.

फक्त सही केली त्या कागदावर
सातव्या का आठव्या ओळीत होतं:
बधिरपणा. तात्पुरता. क्वचित कायमचा.
'क्वचित' वाचून मी पुढं गेले,
एसटीच्या तिकिटामागचे नियम वाचावेत तशी.

डॉक्टर म्हणाले, डोळे मिटा.
कापसाचं टोक. लागतंय?
नाही.
सुई. आता?
नाही.
आता?
मी अंदाजानं हो म्हणाले.
सुई तेव्हा ट्रेमध्ये होती.

मग त्यांनी बॉलपेन घेतलं
आणि कळणं जिथं थांबतं तिथून रेघ ओढली:
ओठाच्या मध्यावरून खाली,
हनुवटीला वळसा, जबड्याच्या कडेनं वर.
"शीर तुटलेली नाही, ताणलीय.
दिवसाला एक मिलिमीटर धरा.
तेही तिच्या मर्जीनं."

ती निळी रेघ तोंडावर घेऊनच
सिटी बसनं सांगलीत उतरले.
आमच्या गल्लीत भिंतींना अशा रेघा आहेत,
पाणी कुठवर आलं होतं त्या.
वरून रंग दिला तरी ओल धरली की दिसतात.
आयर्विन पुलापाशी किती फूट, हे आम्ही
घरात कुणाला ताप असावा तसं विचारतो,
चढताना, तासातासाला.
उतरताना कोण विचारतंय.
ते आपलं इंचाइंचानं जातं
आणि एका सकाळी घाटाची पायरी दिसते,
चिखलानं भरलेली.

नातेवाइकांना चेहरा आवडला.
मावशी म्हणाली, जुने फोटो काढून टाक आता.
मी टाकले नाहीत.
त्यातल्या हनुवटीला
स्कूटरवर वारा लागत होता.

चहा मी उजव्या ओठाला विचारून पिते.
बोलताना 'प' आणि 'ब' जरा दाबून म्हणते,
समोरच्याला कळत नाही,
मला प्रत्येक वेळी कळतं.
आणि हळद तर इथं हवेतच असते:
उजव्या गालाला ती कोरडी लागते,
खरखरीत, थोडी उष्ण.
डावीकडं ती नुसती पिवळी.
आरशात दिसली तर.

सातव्या महिन्यात रात्री मुंग्या आल्या.
ओठाला बोट लावलं
तर कळ खालच्या दातात उठली.
एकाचं दार वाजवावं
आणि शेजारच्यानं ओ द्यावी.
दोन वाजता उठून
मी अंधारात तेच दार
पुन्हा पुन्हा वाजवत बसले.

काल दुपारी, सौदा रंगात असताना,
हनुवटीवर काहीतरी चाललं.
डावीकडं.
मी पेन ठेवून पदरानं पुसलं.
इराप्पानं काट्यावरून वर बघितलं.
"काय नाही ओ तिथं."

असू दे, म्हटलं,
आणि परत एकदा पुसलं.